वेग, वळण आणि विराम



कवीला रेडिओवर बोलावलं की तो पाऊस, आई किंवा नदी यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, अशी सगळ्यांची समजूत असते. मीही आजवर तेच केलं. आज मात्र मी मोटारसायकलवर बोलणार आहे. तीही साधीसुधी नव्हे. चार लाखांच्या पुढची, शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी आणि तशीच पळणारी. बी.ए.ला मराठी घेतलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि शंभर सीसीच्या गाडीवर भाजी आणायला जाणाऱ्या माणसानं या विषयाला का हात घालावा, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण एक सही आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी माझ्या मावसभावाचा मुलगा शिरूरला माझ्या घरी आला. वय चोवीस. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करतो, आठवडाभर कारेगावला खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला दौंडला आईवडिलांकडे जातो. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यानं पिशवीतून कागद काढले. गाडीच्या कर्जाचे कागद. सहकर्जदाराची जागा रिकामी होती.

मी विचारलं, ‘‘अब्बांची सही का नाही घेतलीस?’’

तो म्हणाला, ‘‘अब्बा म्हणाले, चाचाकडे जा. चाचा म्हणेल तसं कर.’’

‘‘आणखी काही म्हणाले?’’

‘‘नाही. एवढंच.’’

श्रोतेहो, तेवढ्यावरच मला घाम फुटला. का, ते पुढं सांगतो. आधी गाडीची ओळख करून देतो, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

आपला शिरूर आणि दौंडचा पट्टा नकाशावर बघा. वायव्येला चाकण, दक्षिणेला बारामती. आमच्या लहानपणी ही दोन नावं कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि उसासाठी घेतली जायची. आज वेगवान मोटारसायकली चालवणारे तरुण ही नावं वेगळ्याच कारणानं घेतात. बजाज ऑटोनं २००७ साली ऑस्ट्रियातल्या केटीएम कंपनीत भागीदारी घेतली आणि पुढं चाकणच्या कारखान्यातून ड्यूक नावाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. २०० सीसीची ड्यूक २०१२ साली आपल्याकडे विक्रीला आली, ३९० ची त्याच्या पुढच्या वर्षी. २०१४ साली आली आरसी ३९०. ही पुढं प्लास्टिकचं कवच असलेली, वाकून बसायची, शर्यतीच्या घराण्यातली गाडी. इकडं बारामतीत पियाजिओचा कारखाना. तीन चाकी रिक्षा आणि टेम्पो बनवण्यासाठी आपण तो ओळखत होतो. २०१२ पासून तिथं व्हेस्पा स्कूटर बनू लागली आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात बनलेली एप्रिलिया आरएस ४५७ बाजारात आली. इटलीचं नाव, बारामतीचं जन्मगाव. पुतण्याला हवी होती ती हीच.

त्याला गाडीचे सगळे आकडे तोंडपाठ होते. आम्ही कधीकाळी वृत्तांची लक्षणं पाठ करायचो, तसे. ४५७ सीसीचं इंजिन, दोन सिलिंडर, ९,४०० फेऱ्यांना ४७.६ हॉर्सपॉवर, पेट्रोलसह वजन १७५ किलो, ॲल्युमिनियमची चौकट, पुढच्या चाकाला ३२० मिलिमीटरची डिस्क. मी म्हटलं, ‘‘बाबा, मला समजेल असं सांग.’’ मग त्यानं माझ्याच गाडीचं उदाहरण घेतलं. माझ्या शंभर सीसीच्या गाडीत आठ हॉर्सपॉवर आणि वजन एकशे दहा किलोच्या आसपास. म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला चौदा किलो ओझं. त्याच्या गाडीत एका घोड्याच्या वाट्याला पावणेचार किलोसुद्धा येत नाहीत. माझा घोडा टांग्याचा आणि त्याचा शर्यतीचा, हे मला तेव्हा पटलं.

दोन-चार दिवसांनी तो एका मित्राची तशीच गाडी घेऊन आला. त्यानं ती अंगणात चालू केली आणि मी कान टवकारले. दोन सिलिंडरचं इंजिन म्हटल्यावर मला वाटलं होतं, एकसारखा आवाज येईल. पण तसा येत नव्हता. दोन ठोके जवळजवळ, मग थोडी जास्त उसंत, पुन्हा दोन ठोके जवळजवळ. पुतण्यानं सांगितलं, या इंजिनातला एक दट्ट्या दुसऱ्याच्या २७० अंश मागून येतो, त्यामुळे ठोके समान अंतरानं पडत नाहीत. या असमान ठोक्यांमुळे मागच्या चाकाची पकड जाणवायला मदत होते, असं जाणकार सांगतात. मला एवढंच कळलं की आवाजात यती आहे. कवितेची ओळ म्हणताना आपण जिथं क्षणभर थांबतो ना, तो यती.

आता बसण्याची गोष्ट. आपल्या रोजच्या गाडीवर आपण खुर्चीवर बसल्यासारखे ताठ बसतो. या गाडीचे हँडल खाली आणि पाय ठेवायच्या जागा मागं, वर. माणूस आपोआप टाकीवर वाकतो. याचं कारण नुसता रुबाब नव्हे. वाकलेल्या अंगाला वारा कमी अडतो आणि अंगाचं वजन पुढच्या चाकावर जातं. वळताना आणि थांबताना सगळा भरवसा पुढच्या चाकावर असतो. गावातल्या गर्दीत मात्र हीच बैठक मनगटांना रडवते.

पुतण्याच्या मागं बसून मी नगर रस्त्याला थोडं अंतर जाऊन आलो. मागची जागा म्हणजे उंचावर ठेवलेला पाट. खोटं कशाला बोलू, मजा आली. एक क्षण त्यानं मूठ पिळली आणि माझं पोट मागंच राहिलं. रस्ता रिकामा होता, थंडी होती आणि माझ्या वयाची पस्तीसेक वर्षं कुठं तरी गळून पडली. वेगाला नावं ठेवणाऱ्या माणसानं एकदा तरी तो चाखलेला असावा. ज्याला वेगाची गोडी माहीत नाही, त्याचा उपदेश तरुण पोरं ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मला ती गोडी माहीत होती, श्रोतेहो. आता ती गोष्ट सांगतो.

माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, दौंडला गॅरेज चालवत. दौंड रेल्वेचं गाव. शिट्ट्यांवर घड्याळ लावणारं. खालूंच्या गॅरेजमध्ये लूना, राजदूत, बुलेट, येझदी, काय वाट्टेल ते यायचं. एके दिवशी एका गिऱ्हाइकाची आरडी आली. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ साली फरिदाबादच्या कारखान्यातून भारतात आणली होती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि साडेतीस हॉर्सपॉवर. ज्या काळात स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्या काळात ही साडेतीस घोड्यांची गाडी. पेट्रोल पिणारी, महाग. ती फार वर्षं बनलीही नाही, पण तिचं नाव काढलं की माझ्या वयाची माणसं आजही आवाज खाली करून बोलतात.

१९८९ चा जानेवारी. मी कॉलेजात होतो, मावसभाऊ माझ्याहून एका वर्षानं मोठा. गाडीचं काम झालं होतं. खालू दुपारच्या नमाजला गेले आणि आम्ही दोघं ‘ट्रायल’ घ्यायला निघालो. दौंडहून पाटस, पाटसहून चौफुला, चौफुल्याला उजवीकडं वळून पारगावचा भीमेचा पूल. पूल ओलांडला, पुढं न्हावऱ्याकडं जाणारा रस्ता. मी पुढं, तो मागं. दोघांच्याही डोक्यावर काही नाही.

ऊसतोडीचे दिवस होते. पुलाच्या पुढं एक डावं वळण आहे. त्या वळणावर शेतातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी काढलेली माती, थोडं पाचट, दोन-चार कांड्या असं पडलेलं होतं. मी ते बघितलं तेव्हा गाडी आधीच कललेली होती. घाबरलो. नजर रस्त्याच्या उजव्या कडेच्या चारीवर गेली आणि तिथंच खिळली. बोटांनी पुढचा ब्रेक आवळला. पुढचं मला नीट आठवत नाही. गाडीत काही खोट नव्हती. खोट चालवणाऱ्यात होती.

मला खरचटलं, मनगट मोडलं. मावसभावाचा गुडघा गेला. पुण्याच्या दवाखान्यात तो सात आठवडे होता. त्या वर्षी त्याला रेल्वेच्या भरतीचं बोलावणं आलं होतं. लेखी परीक्षा तो पास झाला होता, शारीरिक चाचणी राहिली होती. ती राहूनच गेली. दौंडच्या पोराच्या आयुष्यात रेल्वेची नोकरी हुकणं म्हणजे काय, हे दौंडकरांना सांगायला नको. पुढं त्यानं सुट्या भागांचं दुकान टाकलं, संसार केला, मुलाला शिकवलं. पण तो गुडघा पुन्हा पूर्ण वाकला नाही. आजही मशिदीत तो मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढतो.

खालूंनी मला मारलं नाही. शिवीही दिली नाही. गिऱ्हाइकाची गाडी स्वतःच्या पैशानं दुरुस्त करून दिली. दोन-अडीच महिन्यांनी, माझं मनगट बरं झाल्यावर, ते मला त्यांच्या बुलेटवर बसवून त्या वळणावर घेऊन गेले. रस्त्यावर टायरची रेघ अजून पुसटशी दिसत होती. तिच्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, ‘‘देख, तूने ब्रेक कहाँ मारा. मोड के अंदर. पैले रोक, फिर मोड.’’

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं वाचलेलं नाही. खालू म्हणाले, टायरकडं सोळा आणे पकड असते. एक आणाही जास्त नाही. सरळ रस्त्यावर ब्रेक मारलास, तर सोळाच्या सोळा आणे ब्रेकला खर्च कर, काही बिघडत नाही. वळणात बारा-चौदा आणे नुसतं वळायलाच लागतात. तिथं ब्रेकलाही दहा आणे मागितलेस तर आणणार कुठून? आणि रस्त्यावर माती असली की तुझे सोळा आणे आधीच आठ झालेले असतात. ज्याला खर्चाचा हिशेब नाही, त्याचं दिवाळं निघतं.

श्रोतेहो, ताकदवान गाडी कशी चालवावी याचं सगळं शास्त्र या सोळा आण्यांत आहे. पुतण्या समोर बसला होता तेव्हा मी त्याला विचारलं, ‘‘ही गाडी शंभरपर्यंत किती सेकंदांत जाते?’’ त्यानं पटकन सांगितलं. मग विचारलं, ‘‘शंभरवरून शून्यावर यायला किती मीटर लागतात?’’ तो गप्प झाला. मीही गणितात कच्चा, पण आम्ही दोघं वहीपेन घेऊन बसलो.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढं काही दिसलं, ते काय आहे हे कळलं, बोटं ब्रेकवर गेली, याला एक सेकंद धरा. गाडी १७ मीटर पुढं गेली. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लावला तर थांबायला आणखी २३ मीटर. एकूण ४०. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या. आता वेग दुप्पट करा, १२०. पहिल्या सेकंदात ३३ मीटर गेले. ब्रेक लावल्यानंतरचं अंतर मात्र दुप्पट होत नाही, चौपट होतं, म्हणजे नव्वदच्या पुढं. एकूण सव्वाशे मीटर. सहा खेळपट्ट्या. रात्री न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं चाललेला असतो, ट्रॉलीला मागं दिवा नसतो, समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपलेले असतात. सव्वाशे मीटरवरचं काय दिसणार? पुतण्यानं ती बेरीज दोनदा तपासून बघितली.

मग वळणाचं गणित. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण धरा, आपल्याकडच्या आतल्या रस्त्यांवर अशी पुष्कळ आहेत. साठच्या वेगानं त्यातून जायचं तर गाडी साधारण तीस अंश कलवावी लागते. वेग फक्त वीसनं वाढवा. ऐंशीला तेच वळण पंचेचाळीस अंश मागतं. रस्ता कोरडा, डांबर स्वच्छ, टायर नवे आणि गरम असतील, तरी इथं सोळा आणे संपत आले. माती, पाचट, डिझेलचा थेंब, सकाळचं दव यांपैकी काहीही असेल तर हिशेब तिथंच मिटला. माझ्या आठ हॉर्सपॉवरच्या गाडीला वळणाआधी ऐंशी गाठायलाच दम लागतो. या गाडीला ऐंशी म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची किरकोळ बाब. ताकद तुम्हाला वळणावर फार लवकर नेऊन सोडते. पुढचं तिचं काम नाही.

आणखी दोन गोष्टी खालूंनी शिकवल्या होत्या. तेव्हा मला त्या जादूटोण्यासारख्या वाटल्या होत्या. पहिली, वेगात असताना डावीकडं वळायचं तर डावा हँडल हलकेच पुढं ढकलायचा. ऐकायला उलटं वाटतं. पण चाक क्षणभर उजवीकडं जातं, त्यामुळे गाडी डावीकडं कलते आणि डावीकडं वळते. सायकल चालवताना आपण सगळे हे नकळत करतो. घाबरलेला माणूस मात्र हँडल ओढतो. दुसरी, नजर. गाडी डोळ्यांच्या मागं जाते. खड्ड्याकडं बघाल तर खड्ड्यात जाल. वळणाच्या शेवटाकडं, जिथून बाहेर पडायचं आहे तिकडं बघा, हात आपोआप तिकडं नेतात. मी चारीकडं बघितलं होतं. आम्ही चारीत गेलो.

पुतण्या म्हणाला, ‘‘चाचा, तेव्हा एबीएस नव्हतं.’’ बरोबर आहे. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडं १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे, आणि त्यानं अनेक जीव वाचत असणार. ब्रेक घाईनं आवळला तरी चाक जाम होत नाही. त्याच्या गाडीत तर मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणाही आहे, पावसासाठी वेगळी सोय आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘‘ही यंत्रं तुझा सोळावा आणासुद्धा नीट मोजून देतील. पण सतरावा आणा ती छापू शकत नाहीत.’’

आता एक आकडा मी त्याला सांगितला, जो त्याला पाठ होता पण ज्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता. ४७.६ हॉर्सपॉवर. हा अर्धवट आकडा कुठून आला? तो बरोबर ३५ किलोवॅट होतो. युरोपात मोटारसायकलच्या परवान्याचे टप्पे आहेत. मधल्या टप्प्याच्या परवान्यावर, ज्याला ते ए-टू म्हणतात, ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते. शिवाय किलोमागं ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद नको. ३५ ला १७५ नं भागून बघा. नेमकं ०.२ येतं. म्हणजे आपल्या बारामतीत बनणारी ही गाडी तिकडच्या शिकाऊ तरुणाच्या मापानं बेतलेली आहे. तिथला तरुण अठराव्या वर्षी अशा गाडीवर बसतो, साधारण दोन वर्षं ती चालवतो, आणि त्यानंतर आणखी परीक्षा किंवा प्रशिक्षण झालं की मगच त्याला मोठी गाडी मिळते.

आपल्याकडं गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकच. मैदानात आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, की शंभर सीसीही चालवा आणि हजार सीसीही. कायदा दोन्हींत फरक करत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्र सरकारच्या अहवालात आहे. त्यात दुचाकीवरची साडेचव्वेचाळीस टक्के. मेलेल्यांतले बहुसंख्य अर्थातच साध्या गाड्यांवरचे असणार, कारण रस्त्यावर त्याच जास्त आहेत. म्हणून मोठ्या गाडीला दोष देऊन हात झटकता येत नाहीत. पण जी गोष्ट कायदा शिकवत नाही, ती कुणी तरी शिकवायला हवी. बंद ट्रॅकवर शिकवणाऱ्या शाळा आपल्या देशात आहेत. कोईम्बतूरजवळ कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तर २०२३ साली मोटोजीपीची जागतिक शर्यत झाली. पण गाड्या बनतात चाकणला आणि बारामतीला, आणि शिरूर-दौंडच्या पोराला या ट्रॅकांसाठी इतकं लांब जावं लागतं. तोवर तो नगर रस्त्यालाच ट्रॅक समजतो.

एवढं सगळं बोलून झालं तरी मी सही केली नव्हती. कागद आठवडाभर माझ्या टेबलावर, कवितांच्या वहीखाली पडून होते. पुतण्याला मी म्हटलं, ‘‘पुढच्या रविवारी पहाटे तुझी जुनी गाडी घेऊन ये.’’ तो आला. तो त्याच्या दीडशे सीसीवर, मी माझ्या शंभरवर, असे आम्ही न्हावऱ्यामार्गे निघालो. रस्ता आता रुंद झाला आहे, पण ते वळण आहे तिथंच आहे. ऊस चालूच होता आणि वळणाच्या तोंडाशी माती होतीच. मी त्याला ती जागा दाखवली. इथं मी ब्रेक मारला. इथं तुझे अब्बा पडले होते.

त्याला गुडघा माहीत होता, अपघात माहीत होता. गाडी मी चालवत होतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या बापानं छत्तीस वर्षांत ते घरात सांगितलं नव्हतं. पोरगा बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं स्वतःहून ते वळण चार-पाच वेळा घेतलं. आधी वेग कमी करून, नजर शेवटाकडं ठेवून, मातीच्या आतल्या बाजूनं. मी कडेला उभा राहून बघत होतो. पहिल्या दोन वेळा त्याचा ब्रेकचा दिवा वळणात शिरल्यावरही पेटलेला होता. तिसऱ्या वेळी तो वळणाआधीच विझला.

तिथून आम्ही तसेच दौंडला गेलो. मावसभाऊ दुकानात खुर्चीवर बसला होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवले आणि जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, ‘‘भाई, तुझा गुडघा मी घालवला. आता तुझ्या पोराच्या गाडीवर माझ्याकडून सही मागतोस?’’

तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘पुलावर तुझ्या कानात ओरडलो होतो ते आठवतं का तुला? ‘और भगा’ म्हणालो होतो. तू पळवत नव्हतास. मी पळवायला लावली.’’

मला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तो पुढं म्हणाला, ‘‘म्हणून मी सही केली नाही. माझ्या तोंडून पुन्हा ‘पळव’ निघायला नको. तुला त्या वळणाची भीती आहे. भीती असलेल्या माणसानं हो म्हटलं तर चालेल.’’

छत्तीस वर्षं आम्ही दोघं एकच ओझं वेगवेगळ्या खिशात घेऊन फिरत होतो.

मी सही केली. पण अटी घातल्या, आणि त्या पोराला स्वतःच्या हातानं लिहायला लावल्या. हेल्मेट, जाकीट, हातमोजे, बूट आधी, तेही पगारातून, कर्जातून नाही. पहिले सहा महिने मागं कुणी बसणार नाही. ऊसतोडीच्या दिवसांत अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यानं यायचं नाही, उशीर झाला तर कारेगावलाच मुक्काम. आणि वर्षाच्या आत रजा काढून कुठल्या तरी ट्रॅकवर जाऊन रीतसर शिकून यायचं, त्याचा निम्मा खर्च माझा. एका दिवाळी अंकाचं मानधन यायचं होतं, ते मी तिकडं वळवलं.

गाडी आली. मावसभावाला त्या उंच मागच्या सीटवर बसता येत नाही, पाय तेवढा वाकत नाही. त्यानं टाकीवरून हात फिरवला, पुढच्या डिस्ककडं वाकून बघितलं आणि पोराला विचारलं, ‘‘ब्रेक कधी सोडायचा?’’ पोरगा म्हणाला, ‘‘मोड के पैले.’’ खालू असते तर त्यांनीही मान डोलावली असती.

आता दर सुट्टीला दौंडला पोचला की त्याचा फोन येतो. ‘‘चाचा, पोचलो.’’ मी विचारतो, ‘‘वळणावर किती होता?’’ तो आकडा सांगतो. तो खरा असतो की मला बरं वाटावं म्हणून सांगितलेला, ते त्याचं त्याला ठाऊक. पण हल्ली तो न विचारता एक गोष्ट सांगतो. आज माती होती की नव्हती.